पस्तीसला पास

दयाबाई भिंगारदिवे यांच्या उजव्या मनगटात, हाडावर बसवलेली, धातूची पट्टी आहे. त्यांची धाकटी जाऊ एंजेला भिंतीपलीकडच्या घरात राहते. तिच्याही उजव्या मनगटात पट्टी आहे, पण ती पॉलिमरची, आणि दयाबाईंच्या मते ती मुळात दयाबाईंची. "माझी पट्टी हिच्या हातात हाय," हे वाक्य त्यांनी वर्षभर नगरच्या सावेडीत ज्याला त्याला ऐकवलं. भाजीवाल्याला ऐकवलं, रिक्षावाल्याला ऐकवलं, उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर पाळकसाहेबांनाही ऐकवलं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, प्रभू ज्याला जे योग्य ते देतो." दयाबाई म्हणाल्या, "देतो की. पण मधी एंजेला उभी असती."

आता हे प्रकरण हात मोडल्यापासून सुरू झालं असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. ते चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालं.

दयाबाई शेवगावकडच्या एका खेड्यातल्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नगरला आल्या. नवरा यशया एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दोन वर्षं घरात त्या एकट्याच सून होत्या आणि दोन वर्षं सगळं छान चाललं होतं. मग धाकट्या दिराचं, नोहाचं, लग्न झालं आणि एंजेला आली. ती भिंगारची, शहरात वाढलेली, बोलणं स्वच्छ. दयाबाईंच्या 'हाय'ला तोवर घरात कुणी हसलं नव्हतं. एंजेलाही हसली नाही. पण तिचं 'आहे' कानावर पडायला लागल्यावर दयाबाईंना स्वतःचं 'हाय' पहिल्यांदा ऐकू आलं, आणि हे त्यांनी तिला कधीच माफ केलं नाही.

पुढे तर यादीच झाली. सासूबाईंनी शिलाई मशीन एंजेलाला दिलं, कारण तिला शिवता येत होतं. दयाबाईंना शिवता येत नव्हतं, तरी मशीन हवं होतं. सासऱ्यांच्या सावेडीतल्या जागेवर दोघा भावांनी एकाला एक लागून घरं बांधली, तर सकाळचं ऊन एंजेलाच्या ओट्यावर येऊ लागलं. तिचा डॅनी शिकून श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात केमिस्ट झाला. आणि सहा वर्षांपूर्वी नोहा वारला, तेव्हा सगळं चर्च एंजेलाभोवती बसलेलं पाहून दयाबाईंच्या मनात जे आलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत एकदा कबूल केलं आणि विषय मिटवला.

बाई वाईट नव्हत्या. दिराच्या आजारपणात तीन महिने डबा त्यांनीच पोचवला होता. पण मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि ती खोड शाळेनं लावलेली. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या एकतीस वर्षं शिपाई होत्या. व्हरांड्यातल्या पितळी घंटेवर टोल देणं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणं, निकालाचे तक्ते मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवणं हे त्यांचं काम. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभं राहून उलटा कागद वाचायची विद्या त्यांनी तिथेच कमावली. मुलगी हसत घरी जाणार की रडत, हे बाईंच्या आधी त्यांना कळायचं. पस्तीस म्हणजे पास. त्याच्या खाली रडारड. जगातल्या बऱ्याच गोष्टी त्यांना पस्तीसवरून समजत.

हात मोडले ते नाताळच्या आधीच्या शनिवारी. त्या दिवशी महिला मंडळ चर्चमधले बाक बाहेर काढून धुतं. एका लांब बाकाचं एक टोक दयाबाईंनी धरलं होतं, दुसरं एंजेलानं. साबणाच्या पाण्यावर एंजेलाचा पाय घसरला. माणूस अशा वेळी हातातलं सोडतो. हिनं बाक आणखी घट्ट धरला. बाकाबरोबर दयाबाई ओढल्या गेल्या आणि दोघी थोरल्या-धाकट्या एकदमच उजव्या तळव्यावर पडल्या. मनगटं पाहताक्षणी सगळ्यांना कळलं. ती जेवणाच्या काट्यासारखी वाकडी झाली होती.

गावाबाहेरच्या मोठ्या, कॉलेजच्या हॉस्पिटलात दोघींना नेलं. तिथल्या डॉक्टर राजेश्वरी वयानं लहान, पण बोलायला निवांत. त्यांनी फोटो पाहिले. एक्स-रेला आपल्याकडे फोटोच म्हणतात. मग त्यांनी दोघींना आणि यशयाला समोर बसवून सांगितलं, की हाड सरकलंय, आत पट्टी बसवून स्क्रूनं आवळावं लागेल. पट्ट्या दोन तऱ्हेच्या. एक नेहमीची, धातूची. दुसरी नवीन, पॉलिमरची.

"म्हंजी प्लास्टिकची?" यशयानं विचारलं.

"प्लास्टिकच्या घराण्यातली म्हणा. पण आत कार्बनचे धागे असतात. मजबूत आहे, शिवाय हाडासारखी किंचित लवते. आणि फोटोत दिसत नाही, त्यामुळे खालचं हाड कसं जुळतंय ते आम्हाला स्पष्ट दिसतं."

"मग तीच टाका की दोघींना."

डॉक्टर हसल्या. "हाड दोन्हींनी जुळतं, काका. पण वर्षभरानं हात कोणत्या पट्टीनं जास्त चांगला चालतो, ते आम्हाला अजून नक्की माहीत नाही. म्हणून आम्ही अभ्यास करतोय. बंद लिफाफे आहेत, नंबरवार लावलेले. ज्याची पाळी येईल त्याला वरचा लिफाफा. आत जी चिठ्ठी निघेल ती पट्टी. मीसुद्धा बदलू शकत नाही. तुमची मर्जी असेल तरच हं."

दोघींनी होकार दिला. बायबलातही प्रेषित चिठ्ठ्या टाकून निवडला होता, तेव्हा चिठ्ठीला त्यांची हरकत नव्हती. कागदावर दयाबाईंनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. एंजेलानं डाव्या हातानं वेडंवाकडं का होईना, पण आख्खं नाव लिहिलं. एवढ्या दुखण्यातही ते दयाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

मग लिफाफ्यांचं काम पाहणारी दिपाली नावाची मुलगी दारात आली आणि तिनं नाव पुकारलं, "दया यशया भिंगारदिवे."

बाहेरच्या बाकड्यांवर अर्धं महिला मंडळ बसलेलं. एंजेला मुसमुसत होती आणि सगळ्या जणी तिच्याकडेच बघत होत्या. दयाबाईंना वाटलं, आता थोरल्या जावेनं कसं वागावं ते दाखवायची हीच वेळ आहे. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आधी हिला घ्या. लई दुखतंय तिला."

मंडळातल्या बायका "बघा बाई!" म्हणाल्या. दयाबाईंना हात मोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

एंजेलाच्या लिफाफ्यात पॉलिमर निघालं. दयाबाईंच्या लिफाफ्यात धातू.

दोन दिवसांनी ऑपरेशनं झाली. गुंगी उतरल्यावर दयाबाईंनी छताकडे बघत हिशेब मांडला. नाव आधी कुणाचं पुकारलं? माझं. वरचा लिफाफा कुणाचा? माझा. तो कुणी दिला? मीच, हातानं. त्यांना इतका संताप आला की सिस्टरनं येऊन बीपी बघितलं.

"डॉक्टरीणबाई म्हणत्यात म्हाईत न्हाई कुठली चांगली," त्या यशयाला म्हणाल्या. "असं असतंय व्हय? नवी ती चांगलीच आसनार. नायतर नवी काढतील कशाला?"

यशया म्हणाला, "अगं, नट बसला, गाडी चालली, झालं. ही नवी का जुनी, ते इंजिनाला कुठं कळतंय?"

"तुमाला काय कळतंय? तुमी एसटी दुरुस्त करीत हुता."

दीड महिन्यानं पहिली तपासणी झाली. नवे फोटो काढले. दयाबाईंच्या फोटोत पट्टी लख्ख पांढरी दिसत होती, चुलीत विसरलेल्या उलथन्यासारखी. एंजेलाच्या फोटोत पट्टी नव्हतीच. हाड, आणि त्याच्या आजूबाजूला चारसहा स्क्रू अधांतरी. "जसं काही मोडलंच नव्हतं," एंजेला फोटो उजेडाकडे धरून म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं होतं. दयाबाईंच्या ते वर्मी लागलं.

मग दिपालीनं एकेकीला बसवून प्रश्न विचारले. घट्ट झाकण उघडता येतं का? सुरीनं चिरता येतं का? पिशवी उचलता येते? पाठ घासता येते? दुखतं का? झोप लागते का? उत्तराप्रमाणे ती कागदावर खुणा करी. शेवटी मोबाईलवर आकडेमोड करून फाईलच्या कोपऱ्यात एक आकडा लिही आणि त्याला गोल करी.

गोल केलेला आकडा म्हणजे काय, हे दयाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी टेबलापलीकडून उलटा वाचला. सत्तावन्न. सेकंड क्लास. वाईट नाही. शेजारच्या फाईलवर एकोणसाठ. दोनच मार्कांनी गेली सटवी, पण गेली.

निघताना दिपालीनं व्यायाम शिकवला. कोपर टेबलावर टेकवायचं, दुसऱ्या माणसानं तळवा धरून मनगट हळूहळू मागं वाकवायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. "तुम्ही दोघी शेजारीशेजारीच ना? मग काय, मावशी! रोज संध्याकाळी एकमेकींचा हात धरा. एकटीनं एवढा नीट होत नाही, दुखलं की माणूस सोडून देतं."

दोघींच्या स्वयंपाकघरांमधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी आहे, वाटी देता-घेता यावी म्हणून ठेवलेली. त्या संध्याकाळी खिडकीवर टकटक झाली. "ताई, करायचा का व्यायाम?" एंजेलानं विचारलं.

"तुला कशाला लागतोय?" दयाबाई म्हणाल्या. "तुजी पट्टी नवी हाय. घासाघीस आमच्या लोखंडाला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक झाली. दयाबाईंनी नळ सोडला आणि ऐकू आलं नाही असं केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीला कडी घातली. चौथ्या दिवसापासून टकटक बंद झाली.

मार्चमध्ये तीन महिन्यांची तपासणी. दयाबाईंचा हात बरा सुधारला होता. त्या पोळ्या लाटत होत्या, भाकरीचं पीठ मळत होत्या. मोठ्या उमेदीनं त्यांनी टेबलापलीकडून आकडा वाचला. चौतीस.

एका मार्कानं नापास! अहो, शाळेतसुद्धा एका मार्कासाठी मुलीला कुणी अडकवत नाही, ग्रेस देतात. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "एक मार्क वाढवून द्या की, पोरी."

दिपालीला वाटलं मावशी गंमत करतायत. ती हसली, "असं वाढवता येत नाही हो!" आणि दुसऱ्या फाईलवर तिनं लिहिलं, पन्नास.

आता तुम्ही म्हणाल, हात सुधारतोय आणि मार्क घसरतायत, हे बाईंना खटकलं कसं नाही? खटकलं ना. घरी येईपर्यंत रिक्षात त्यांनी त्यावर विचार केला आणि उत्तरही काढलं. पहिलीत सगळीच पोरं पास होतात. वरच्या वर्गात पेपर कडक निघतो. दीड महिन्याची परीक्षा ती पहिलीची होती, ही दहावीची. एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला यात काही अवघड नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी अभ्यास सुरू केला. पहाटे उठून कोपर ओट्यावर टेकवायचं आणि यशयाला तळवा धरायला लावायचा. यशयानं आयुष्यभर गंजलेले बोल्ट सोडवलेले, त्याची पकड तशीच. दयाबाई "आई गं" म्हणायच्या आणि वर "सोडू नका!" म्हणायच्या. दुपारी ओला टॉवेल पिळायचा. संध्याकाळी भाकरी. पहिली महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, दहावी गोल झाली. थापताना त्या मुद्दाम जोरात थापत, आवाज भिंतीपलीकडे गेला पाहिजे म्हणून.

भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज येत नसे. एंजेलाकडे सकाळी बेकरीचा पाव यायचा आणि संध्याकाळी बचत गटातली बाई भाकरी पोचवायची. दयाबाई हे दारातून बघत आणि जळत. "राणीसाहेबांना आयतं लागतंय," त्या यशयाला सांगत. मे महिन्यात एंजेलानं केस खांद्यापर्यंत कापले. साठीला आलेल्या बाईनं फॅशन करावी! मग ती साडी सोडून गाऊनवर फिरू लागली. मग श्रीगोंद्याहून डॅनी टेम्पोत घालून कपडे धुवायचं मशीन घेऊन आला. आणि कळस म्हणजे, चर्चच्या गायकवृंदात वीस वर्षं खंजिरी वाजवणाऱ्या एंजेलानं खंजिरी खाली ठेवली. तिचा आवाज चांगला म्हणून पाळकसाहेबांनी तिला एकटीला गायला उभं केलं. मागच्या रांगेत उभ्या दयाबाईंना त्या दिवशी गाण्याचा एक शब्द सुचला नाही. आत नवी पट्टी असली की माणसाला सगळंच सुचतं, असं त्यांच्या मनात आलं.

जूनच्या परीक्षेला त्या तयारीनं गेल्या. दिपालीनं विचारायच्या आधीच सांगू लागल्या, "झाकन उघडते. पाठ घासते. पिशवी उचलते, पाच किलोची. चकलीचा सोऱ्या दाबते."

"अरे वा! दुखतं का?"

"छ्या! दुखत न्हाई," दयाबाई म्हणाल्या.

आकडा आला सोळा. एंजेलाचा पंचेचाळीस.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सोळा म्हणजे मुलीच्या बापाला शाळेत बोलावून घेतात. आपण खरं सांगितलं, मेहनत केली, तरी सोळा, आणि जिला धड भाकरी थापायची नाही तिला पंचेचाळीस. म्हणजे पट्टीच ती. आतली पट्टी चांगली असली की बाहेर काही करायला लागत नाही. कोण जाणे, हॉस्पिटलात हात आतून मोजायचं यंत्र असेल. त्यांना आपल्या हाताची लाज वाटू लागली. चारचौघांत त्या उजवा हात पदराखाली धरू लागल्या. त्याच हातानं त्या रोज दहा भाकरी थापत होत्या, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नाही.

डिसेंबर आला. वर्षाची, शेवटची परीक्षा. यशया दोघींना एकाच रिक्षानं घेऊन गेला. आत गेल्यावर दिपालीनं प्रश्न विचारले, फोटो झाले, आणि डॉक्टर राजेश्वरींनी दोघींना एकदमच बोलावून समोर बसवलं. टेबलावर दोन फाईली. दयाबाईंनी सवयीनं उलटे आकडे वाचले. स्वतःच्या फाईलवर पाच. एंजेलाच्या फाईलवर त्रेचाळीस.

"दयाबाई," डॉक्टर म्हणाल्या, "पाच! काय बोलू मी आता."

दयाबाईंचा बांध फुटला. "बोलू नकाच, मॅडम! मीच बोलते. मी भाकरी थापते, टॉवेल पिळते, पहाटं उठून ह्यांच्याकडून हात मुरगाळून घेते. आन् मला पाच? ही बाई वरीसभर पाव खाती, मशीनीत कपडे धुती, तिला तिरेचाळीस? पेपर कोन तपासतंय तुमच्यात? नवी पट्टी दिली म्हनून मार्कबी जास्त द्यायचे का?"

डॉक्टरांनी दिपालीकडे पाहिलं. दिपालीनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"मावशी," दिपाली हळूच म्हणाली, "हे मार्क नाहीत हो. हा त्रास आहे. किती त्रास होतो त्याचा आकडा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. शंभर म्हणजे हात कामातून गेला."

दयाबाईंचा चेहरा उजळला. पाच! शंभरात पाच! म्हणजे मी पहिली! चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या एंजेलाच्या पुढे होत्या, तेही जुन्या पट्टीवर, आणि इतक्या पुढे! कुणाकुणाला सांगायचं त्याची यादी डोक्यात सुरूसुद्धा झाली, भाजीवाल्यापासून.

यादी करताकरता त्यांची नजर दुसऱ्या फाईलवर गेली. त्रेचाळीस. तो तर मघाचाच आकडा, आणि आता तो दुखण्याचा होता.

मग एकेक गोष्ट त्यांच्यापुढे येऊ लागली. पाव. भाकरी पोचवणारी बाई. वेणी घालता येत नसेल तर केस कापावेच लागतात. निऱ्या धरता येत नसतील तर गाऊनच घालावा लागतो. कपडे पिळता येत नाहीत म्हणून पोरानं मशीन आणलं. खंजिरी. वीस वर्षांची खंजिरी तिनं खाली ठेवली आणि आपण मागच्या रांगेत उभं राहून जळत होतो. पन्नास, पंचेचाळीस, त्रेचाळीस. वर्षभर आपण हिच्या दुखण्यावर जळलो.

"पट्टीचा दोष नाही हं," डॉक्टर सांगत होत्या. "हाड दोघींचं सुरेख जुळलंय. आणि आमच्याकडे आजवर तरी दोन्ही पट्ट्यांचं जवळपास सारखंच चाललंय, फार फरक दिसत नाही. एंजेलाबाईंचा हात आखडलाय. सुरुवातीपासून कुणीतरी रोज धरून वाकवायला हवा होता. घरी कुणी धरणारं नव्हतं का?"

दयाबाईंना वाटलं, आता ही सांगणार. खिडकीचं सांगणार, कडीचं सांगणार.

"नव्हतं, मॅडम," एंजेला म्हणाली. तिनं दयाबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बरं. अजून वेळ गेलेली नाही. पण आता जास्त दुखेल, आणि रोज करावं लागेल."

घरी येऊन दयाबाई स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीच्या कडीवर वर्षभराचं तेल-पीठ बसलं होतं. ती निघेना. त्यांनी उजव्या हातानं जोर केला आणि ती निघाली. पलीकडे एंजेला ओट्याशी उभी राहून डाव्या हातानं पावाला लोणी लावत होती.

"मला का न्हाई सांगितलंस?" दयाबाईंनी विचारलं.

एंजेलानं सुरी खाली ठेवली. "काय सांगणार, ताई? पट्टी तुमची. सगळ्या सावेडीला माहीत आहे की तुमची पट्टी माझ्या हातात आहे. तुम्ही आपली पाळी मला दिलीत, त्या मंडळासमोर. मी घेतली. मग ती दुखते म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? तुमच्याच वस्तूला नावं कशी ठेवू?"

पाळी दिली ती मंडळाला दाखवायला, हे फक्त दयाबाईंना माहीत होतं. एंजेलानं मात्र ते खरं मानलं होतं, आणि वर्षभर गप्प राहून त्याचा मान राखला होता.

त्या दारानं बाहेर आल्या, शेजारच्या दारानं आत गेल्या. खुर्ची ओढली. एंजेलाचं उजवं कोपर टेबलावर टेकवलं आणि तळव्यात तळवा घातला. तिचा हात गार होता आणि लाकडासारखा ताठ. दयाबाईंनी तो मागं वाकवला.

"ताई, नको! दुखतंय!"

"दुखनारच. एक... दोन... तीन..."

"ताई, सोडा हो! उद्या करू!"

"चार... पाच..."

एंजेलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दयाबाईंच्याही आलं, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते, पुसायला कुणी नव्हतं.

"सहा... सात..."

"तुम्हाला काय एवढी पडलीय माझ्या हाताची?" एंजेला कळवळून म्हणाली.

"तुज्या हाताची कुनाला पडलीय?" दयाबाई म्हणाल्या आणि पकड आणखी घट्ट केली. "आत माझी पट्टी हाय. आठ... नऊ..."